आस

कुताइसीच्या या शाळेत संगीताची खोली
स्वयंपाकघराला लागून.
मधली भिंत पातळ, पलीकडे सोव्हिएत काळातला फ्रिज,
माझ्याहून दोनच वर्षांनी लहान,
दिवसभर घुमत असतो.
बावीस वर्षं मी त्याच्यावरून भांडले,
मुख्याध्यापकांशी, स्वयंपाकीण इयामझेशी,
एकदा तर फ्रिजशीच.

उशांगी सप्टेंबरात आला. अकरा वर्षांचा.
आईने वहीत लिहून दिलं होतं :
बोलत नाही. टाळ्या नकोत.
केसांना हात लावू नये. ताटात पिवळं काही चालत नाही.
आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं :
गाणं आवडतं, असं वाटतं.

त्या ‘वाटतं’पाशी मी बरेच दिवस अडले.

पांडुरी दाखवली. तीन तारा.
त्याने तारा सोडून खुंटीचा वास घेतला.
मिंदियाने सूर लावला, ग्वांत्साने वर दुसरा,
दोघे एकमेकांना खेटले.
आमच्या गाण्यात ते खेटतात, मुद्दाम, अंगाला अंग लावून.
उशांगी कान दाबून दाराकडे धावला.

मी शिकवायला निघालेली बाई.
म्हटलं, होईल सवय.
दाराला कडी लावली.
दुसरं कुणी हे लिहिणार नाही, म्हणून मीच लिहिते :
तीन दिवस मी दाराला कडी लावली.

चौथ्या दिवशी हात कडीपर्यंत गेला नाही.
तो उठला, स्वयंपाकघरात गेला,
फ्रिजला पाठ लावून फरशीवर बसला.
इयामझे बटाटे सोलत होती. तिनेच बोलावलं,
“लामारा, इकडे ये. आणि गप्प राहा.”

ओठ मिटलेले, आणि तो गात होता.
फ्रिजचाच सूर. कणभरही वर-खाली नाही.
श्वासाला तुटायचा, परत तिथेच सापडायचा,
अंधारात पायाला चप्पल सापडावी तसा.

आमच्याकडे तीन आवाजांत गातात.
वरच्या दोघांचं कौतुक होतं.
खालचा नुसती आस धरून असतो, घराखालच्या जमिनीसारखा;
ज्याला काही येत नाही त्याला तिथे उभं करतात.
मी कधी खाली गायले नाही.
लग्नांतून मला पुढे ढकलायचे, काचेसारखा गळा म्हणायचे.

मग वर्ग तिकडेच हलवला,
कोबी, पातेली आणि इयामझेच्या खोकल्यामध्ये.
मुलं हळू गायची. उशांगी आणि फ्रिज खाली.

मार्चमध्ये कुणा दात्याने नवा फ्रिज पाठवला.
पांढरा, उंच, आणि मुका.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने पाठ टेकली. थांबला.
उठून मागे पाहिलं, वायर पाहिली,
दार उघडून आत कान घातला.
मग कपाळ भिंतीवर.
एकदा.
दोनदा.
इयामझे धावली, तिचा हात मी धरला.

फरशीवर बसले. भिंतीला पाठ.
आणि खाली उतरले, कधी न उतरलेल्या पायऱ्यांवरून,
एकोणसाठ वर्षांच्या, चहाने खरवडलेल्या आवाजात
तो सूर शोधायला.
आधी चुकला. मग जरा जवळ. मग तोच.

उशांगी गायला नाही त्या दिवशी.
कपाळ मात्र थांबलं.
बटाटे करपले, मुलांनी तसेच खाल्ले.

जुना फ्रिज आता अंगणात आहे,
दार काढलेला, आत कुणाची तरी कोंबडी.
उशांगी रोज सकाळी तिथे जातो,
त्याच्या पाठीला तळहात लावतो, मनात काहीतरी मोजतो, आत येतो.
भिंतीशी बसतो आणि पाहतो.
माझ्याकडे नाही,
माझ्या गळ्याकडे.

मी सुरू करते.