वाटेतली घट

पिंपळगावच्या आमच्या पॅकहाउसात
पाच किलोच्या पेटीत आम्ही पाच किलोच भरत नाही.
वर तीन-चार मणी, कधी एखादा छोटा घड,
कारण बोटीवर द्राक्षं हलकी होत जातात.
घुगेसाहेबांच्या वहीत त्याला ‘वाटेतली घट’ म्हणतात.
तेरा सीझन मी काट्यापाशी उभी आहे.

म्हणून टीव्हीवर सोलापूरचा बसवराज काट्यावर चढला,
एका आठवड्यात साडेसात किलो गेले म्हणून
गुडघ्यांवर बसून रडला,
वरून सोनेरी कागद पडले,
दिगंबरने शिट्टी मारली,
तेव्हा मी भांडी विसळत म्हणाले,
पाणी असेल.
कुणी ऐकलं नाही.

तरी सोमवारी मी सुरू केलं.
कळणं वेगळं आणि सोमवार वेगळा.

सकाळी अंड्याचं फक्त पांढरं.
पिवळ्याचं काय करायचं ते कार्यक्रमात सांगत नाहीत.
चार दिवस ते दिगंबरने खाल्लं,
पाचव्या दिवशी म्हणाला,
तुझ्या उपासाचं माझ्या अंगावर चढतंय.

दुपारी ब्रोकोली.
आडगावात नाही, गंगापूर रोडला मिळते,
एक गड्डा म्हणजे माझा एक तासाचा ओव्हरटाइम.
मी फ्लॉवर उकडला आणि डोळे मिटले.

बसवराजला रोज चार तास व्यायाम,
पाठीशी ओरडायला माणूस,
आणि संध्याकाळी कुणाच्याही डब्याची काळजी नाही.
मला रविवार होता.
पांडवलेणी चढले, अर्ध्यात दोनदा बसले.
उतरले तर पायथ्याला मिसळीची तर्री उकळत होती,
काळी, कडेला लाल.
मी दुसऱ्या बाजूच्या फुटपाथने गेले.
त्या फुटपाथवरही वास येत होता.

नवव्या दिवशी लाइनवर चक्कर आली.
हातातला घड सुटला, मणी पार कोल्ड रूमच्या दारापर्यंत गेले.
तिकडे डॉक्टर धावतो,
इकडे ताराबाई पगारे धावली.
अर्धी बाजरीची भाकरी तोंडात कोंबली, वर ठेचा,
आणि विचारलं,
तुझ्या घरी कॅमेरा लावलाय का गं?

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर
मी पेट्यांच्या काट्यावर चढले, चपला काढून.
बाहत्तर नऊशे.
सुरुवात शहात्तर चारशेची.
कुणी टाळी वाजवली नाही, कूलरचा पंखा तेवढा फिरत होता.
चार दिवस घरचं जेवले,
पुन्हा चढले.
पंचाहत्तर आठशे.
पाणीच होतं, बाई.
तुझाच धंदा, आणि तूच फसलीस.

बसवराज, मला तुला एवढंच विचारायचं आहे,
त्या बंगल्याचं गेट मागे लागल्यावर काय झालं?
घरी कुणाच्या डाळीला फोडणी बसली होती का?
पुतण्याच्या बारशाला जिलेबी होती का?
आणि लोकांनी हात धरून विचारलं का,
परत भरलास?
आम्ही तरी प्रवासाआधी जास्त भरतो.
तुझी पेटी त्यांनी उपाशीच पाठवली,
वर शिक्का मारला.

मी आता मेडिकल फाट्याला उतरते, पुढचं चालत जाते.
पिंट्याच्या ताटातली उरलेली पोळी
मी पूर्ण करायचं सोडलंय.
हे सोडणं सगळ्यात अवघड गेलं,
त्याचा भाग कुणी दाखवला नसता.
रात्री भात अर्धा. कधी पूर्ण.

सीझन संपला तेव्हा दोन किलो दोनशे कमी.
जानेवारीपासून एप्रिलपर्यंत.
बसवराजने एवढं चहाच्या आधी घालवलं असेल.

शेवटच्या दिवशी काट्यावर उभी होते,
घुगेसाहेब मागून आले.
आकडा वाचून म्हणाले,
काय, माप जास्त भरलंय?
मी चपला पायात सरकवल्या.
म्हटलं, साहेब,
लांब जायचंय.
वाटेतली घट धरूनच ठेवलंय.