दुसरी खाच

लिमाचा जुलै. आभाळ भिजल्या पुठ्ठ्यासारखं,
पाऊस नाहीच, नुसती कपड्यांना चिकटणारी ओल.
विल्सनच्या गाळ्यांत, जिन्याखालच्या आमच्या टेबलावर
सेनोबियाबाईंनी शालीतून सोडवून ठेवला
आपला कॉम्प्युटर, ताप आलेल्या पोरासारखा.

"शेजारचा म्हणतो, मेमरीची जोडीच घ्यावी लागते.
सीलबंद, एका डबीत दोन. जुनी फेकून द्या म्हणतो.
माझ्याकडे पैसे एकीचे आहेत."

त्यांचं टायपिंगचं दुकान, विद्यापीठाच्या मागच्या दारी.
रात्रीचे दोन, कुणाचा तरी प्रबंध, चारशे पानं,
सकाळी नऊला द्यायचा,
आणि मशीन नेमकं तळटीपांशी येऊन डोळे मिटतं.

डॉन एलेउतेरिओ लगेच बोलत नाहीत.
आधी चष्मा पुसतात, मग झाकण काढतात, मग एक फुंकर.
एका खाचेत हिरवी पट्टी, आठची.
शेजारची खाच रिकामी,
दुधाचा दात पडल्यासारखी.

"जोडी म्हणजे काय बाई,
कारखान्यात दोघींना एकत्र बसवून तपासलेलं असतं.
ते विकतात ती हमी. हमी वाईट नसते.
पण सक्ती नाही.
माप सारखं असलं की दोन वाटा उघडतात,
नाव, गाव, रंग कुणी विचारत नाही."
मग थोडं थांबून, खालच्या आवाजात,
"कधी कधी विचारतं. तेव्हा मशीन उठत नाही,
आणि का ते सांगतही नाही."

मी बिस्किटांचा डबा उपडा केला.
त्यात सगळ्या एकट्या:
कुणाची सोबतीण जळालेली,
कुणाची बंद पडलेल्या बँकेच्या भंगारात राहिलेली,
एकीला तर कुणी किल्ल्यांच्या साखळीसाठी भोक पाडलेलं.

पहिली लावली. तीन शिट्ट्या, काळा पडदा,
सरळ छत्तीसचा आकडा.
दुसरी. पंखा फिरला, दमला, थांबला.
खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, तरी नाहीच.
तिसरी निळी, बत्तीसशेची,
कडेला मार्करनं लिहिलेलं कुणाचंसं अर्धवट नाव.
आमची हिरवी चोवीसशेची.
दोघींत जुळण्यासारखं आठ सोडून काहीच नव्हतं.

पडदा उजळला.
कोपऱ्यात सोळा.

सेनोबियाबाई वाकून बघत राहिल्या.
"ही निळी जास्त पळणारी ना?"
"होती. आता दोघी चोवीसशेनं."
"मग वरचे आठशे कुठं जातात?"
डॉन एलेउतेरिओंनी ओठांत धरलेला स्क्रू काढला.
"जात नाहीत. तिच्यातच असतात.
कुणी मागत नाही, एवढंच."

चाळीस सोल. नाण्यांनी मोजून दिले.

मशीन पोचवायला मी कोमासला गेलो.
बसमधून उतरलं की टेकडीवर पिवळा जिना,
दिवा एकाआड एक पेटलेला.
खाली त्यांच्या सासूबाई पावाची पिशवी घेऊन उभ्या.
ऐंशी तरी वय. कुणी हात दिलेला चालत नाही
हे मला नंतर कळलं.

सेनोबियाबाई या पायऱ्या धावत चढतात,
सगळी आळी सांगते.
त्या रात्री दर दहाव्या पायरीला
त्यांच्या शालीची गाठ सैल व्हायची.
थांबायच्या, सोडायच्या, नीट बांधायच्या,
मागच्या श्वासांकडे न बघता.
गाठ चांगली घट्ट होती. मी बघत होतो.

तिसऱ्या वेळी
मशीन छातीशी धरून
मीही बुटाची नाडी शोधू लागलो.