रुवी ते अल्-अयन, एका शुक्रवारी

सतरा वर्षं हा देश मी पाहिला
कंपनीच्या बसच्या डाव्या काचेतून:
क्लॉक टॉवर, सिमेंटचं गोदाम, परत क्लॉक टॉवर.
आता सव्वीस दिवस उरलेत.
गाडी भाड्याने देणाऱ्या कुट्ट्यालीने किल्ली पुढे केली
आणि माझ्या खांद्यामागे, दाराकडे बघितलं.
"अकेला?"
अकेला.
परवाना पाचव्या खेपेला मिळालाय मला.
उलटी गाडी घालताना चारदा ड्रम पाडले,
पाचव्यांदा ड्रमच सरकले असावेत
कंटाळून.

पहाटे समाईलच्या खिंडीत
डोंगर अजून चुरगळलेले, इस्त्री व्हायचे.
काटा एकशेवीसच्या पुढे गेला की गाडी टिंग-टिंग करते,
धुमाळबाई टेबलावर पट्टी आपटायच्या तशी.
दोनदा मी मुद्दाम वाजवून घेतलं.

निझवाच्या अलीकडे बाजाराला निघालेला पिकअप.
मागच्या बकऱ्यांतली एक तपकिरी
माझ्याकडे टक लावून, किती तरी किलोमीटर.
तिचं काय होणार हे दोघींपैकी एकीला माहीत.
मी ओव्हरटेक केलं.

आमच्याकडे किल्ला म्हणजे काळा दगड, धाप,
आणि वर पोचल्यावर टोपी उडवणारा वारा.
जब्रीनचा किल्ला गव्हाळ,
खजुरांच्या बागेशेजारी मांडी घालून बसलेला.
तिकीटवाल्या सुवैदने एक बोट वर केलं: एक?
मीही एक बोट वर केलं.
आत रंगवलेलं छत.
मान अवघडेपर्यंत बघितलं,
कोणी "चल ना आता" म्हणालं नाही.
इमामाचा घोडा म्हणे वरच्या मजल्यावर राहायचा.
तळाशी खजुरांची कोठी:
जमिनीत चर, चरांवर पोत्यांची थप्पी,
वरच्याचं वजन खालच्यावर,
आणि खालून थेंब थेंब पाक, मडक्यात.
काकवीच ती.
वेढा पडला की उकळून शत्रूच्या डोक्यावर ओतायची.
माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन नाही,
फक्त ओतायचं राहून गेलं.

दुपारी नकाशा म्हणाला, "तुम्ही पोहोचलात."
मी एका कोरड्या ओढ्यात होते, गोट्यांवर.
एक म्हातारा आला, काठी, पांढरी टोपी,
छातीवर हात ठेवून म्हणाला, हिलाल.
माझं अरबी बिलापुरतं: तारीख, रक्कम, सही.
त्याने काहीतरी विचारलं.
इथे किती वर्षं, असं असेल, म्हणून मी सांगितलं: सतरा.
त्याचे डोळे विस्फारले. "माशाअल्लाह!"
मग त्याने हातानेच उंची दाखवली,
लहान, त्याहून लहान, त्याहून लहान,
आणि सतरा लेकरांच्या आईला
ओंजळभर खजूर दिले.
मी घेतले. काय करणार.

हनुवटीने त्याने दाखवलेला रस्ता बरोबर निघाला.
टेकाडाच्या कण्यावर दगडी थडगी, मधाच्या पोळ्यांसारखी,
मागे मिश्तचा कडा. मिश्त म्हणजे कंगवा.
पाच हजार वर्षं, असं फलक म्हणतो.
मोजली. वीस.
परतताना मोजली. एकवीस.
हिशेबात एकाचा फरक म्हणजे मी रात्रभर बसणारी बाई.
इथे मात्र खाली बसले, सावलीत.
ओणवं होऊन एकात शिरले:
लेंड्या, चेपलेला पेप्सीचा डबा,
आणि छप्पर ढासळलं होतं तिथे चौकोनभर आकाश.
दगडावर नुसता दगड. चुना नाही, नाव नाही.
कोण होते, कुठून आले, जाताना हातात काय पडलं,
कुठल्याच वहीत नाही.
फोनला रेंज नव्हती.
मी खजूर खाल्ले, एकेक करून,
बी टाकावी अशी जागा सापडेना.

रात्री रुवीत कुट्ट्याली टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला.
धूळ. एक चरा, जुनाच.
त्याने आकडा वाचला: पाचशे बेचाळीस.
मी तपासला नाही.
कपहोल्डरमधल्या बिया तेवढ्या
मोजून घेतल्या.
नऊ.