चौदा नंबरची पेटी

त्बिलिसीत, सातव्या मजल्यावर, आमचं दुकान.
लिफ्ट नाणं घातल्याशिवाय हलत नाही,
म्हणून वर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक
मुठीत सुटे पैसे आणि तोंडात कबुली घेऊन येतं.

"माझ्याच हातून झालं," हे पहिलं वाक्य.
मग गुन्हा.
कुणी डिस्क स्पीकरशेजारी ठेवलेली असते,
कुणी विमानतळावरच्या एक्स-रेतून नेलेली.
एका शिक्षिकेने ती सारखी पुसून पुन्हा भरली होती,
पाटीसारखी झिजली असणार म्हणून रडली.
बाद्री ऐकून घेतो, चष्मा पुसतो.
कावळा बसतो, फांदी मोडते,
आणि माणसं वर्षानुवर्षं
कावळ्याच्या वतीने माफी मागत राहतात.

लामारा आल्या त्या नोव्हेंबरात,
हार्डडिस्क लोकरी मोज्यात गुंडाळलेली,
मागे मुलगा रेवाझ, टोपी हातात.
नवरा राचाच्या डोंगरात मधमाश्या पाळायचा,
रोज संध्याकाळी एकेका पेटीला माइक लावून
आतला आवाज टिपून ठेवायचा.
राणी गेली की माश्यांचा सूर बदलतो,
झाकण उघडायच्या आधीच कळतं म्हणे.

"चुंबक," लामारा म्हणाल्या.
फ्रीजवरचं, डाळिंबाच्या आकाराचं.
एक रात्र ते डिस्कवर पडून राहिलं.
चार वर्षं झाली,
त्यांच्या फ्रीजच्या दारावर काही नाही.

"वायर मी उपटली होती," रेवाझ पुटपुटला,
आणि आईने त्याच्याकडे अशी मान वळवली
की घरात हे वाक्य आजवर झालं नव्हतं, हे मलाही कळलं.

बाद्रीने खोक्यातली एक मेलेली डिस्क काढली, झाकण नसलेली.
आतल्या चुंबकाला पक्कड लावली.
मग ती सुटेना, दोन्ही हातांनी ओढावी लागली.
"हे तिच्या पोटातच असतं, जन्मापासून.
तुमच्या डाळिंबाची काय कथा!"
आणि रेवाझला:
"वीज गेली तरी तबकडी थोडा वेळ फिरते.
त्या उरलेल्या फेऱ्यांतूनच
सुईला घरी परतण्यापुरती वीज मिळते."

दोघंही गप्प.
चार वर्षांचं ओझं उतरलं की
हात कुठे ठेवावेत, माणसाला सुचत नाही.

मग लामारा सहज म्हणाल्या,
"टकटक करायला लागली तेव्हा मी काळजी घेतली हो.
पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली, तीन दिवस.
शेजारच्या पोराने सांगितलं होतं.
काढल्या काढल्या लावून पाहिली."

चष्मा पुसणारा हात थांबला.

रात्री काचेच्या कपाटात आम्ही झाकण उघडलं.
तबकडी आरशासारखी असते, तिच्यात आपलं नाक दिसतं.
हिच्यात माझ्या नाकावर
वाळलेल्या थेंबाची कडा होती, नखाएवढी,
बशीत चहाची राहते तशी.
तिला अडखळून फरपटत गेलेला एक ओरखडा.
टकटक साधी होती. निघालं असतं सगळं.

शुक्रवारी त्या एकट्याच आल्या.
"चुंबक नव्हतं ना?"
"नव्हतं."
"मग काय होतं?"
बाद्रीला खोटं जमत नाही,
कर खात्याशीसुद्धा.
"वय," तो म्हणाला. "आतलं बेअरिंग म्हातारं झालं होतं."

सहाशे तासांतली एकोणीस मिनिटं निघाली.
नुसती गुणगुण; मला सगळी एकसारखी.
लामारा डोळे मिटून वेगवेगळी करत होत्या:
ही राणीची. ही पोरकी. ही पावसाआधीची.
शेवटी कुणीतरी खाकरलं, आणि एक जाडा आवाज:
"पेटी चौदा. सोळा मे. काही नाही, ठीक आहे."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं नाही.
मोजा मात्र इथेच विसरल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये, नाण्याच्या फटीच्या वर,
बाद्रीच्या तिरक्या अक्षरात एक कागद होता:
डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका.
तो आदल्या दिवशीच का लावला नाही,
हे मी विचारलं नाही.