स्थानिक नाव

मसाई पठार, म्हशींच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला.
भाद्रपद. उंची गुडघ्याएवढी.
पानं तीन ओळींत, कडा अशा
की बोट ओढलं तर रक्ताची बारीक रेघ.

"गवतच की," मी म्हटलं.
ठकूबाई झोरेंनी एक दांडा उपटला,
चिमटीत फिरवला, माझ्या हाती दिला.
"फिरीव."
फिरेना. अडखळला. तीन कोपरे.
ना पेर, ना पोकळी,
आत पांढरा भरीव गर.
"गवत गोल आसतंय. ह्यो अडतोय."

शेंड्याला तपकिरी कणसं,
वर नर, खाली मादी,
एकेक बी आपल्या इवल्या पिशवीत,
पिशवीला चोच.
पाकळी नाहीच. कुणाला बोलवायचं नसतं,
वाऱ्यावर भागतं.

लेबलावर कुळ लिहिलं, तारीख लिहिली.
स्थानिक नावाचा रकाना रिकामा.
"म्हस त्वांड लावत न्हाई, त्येला नाव कोन ठेवनार?"
म्हणाल्या, आणि झुपक्यापाशी
टाच रोवली.
खड्डा भरत गेला, आधी गढूळ,
मग त्यात आभाळ.
"चैतात बी हितंच. समदं करपलं तरी
ह्यो हिरवा दिसला की आमी थांबतो."

आता कोल्हापुरात, विभागाच्या खोलीत,
रोज त्याच्या घडीतला पेपर बदलते.
तिसऱ्या दिवशीही ओल आहे.
कुस्त्यांच्या निकालात
कुणा जिंकलेल्याचं नाव फुगलंय.

रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय:
हितं पाणी.
सर खोडतील बहुधा.