ओल

जिन्याखालची जागा रिकामी करून द्याल का,
म्हणाली लोकेशनवाली पोरगी,
आम्हाला तिथे नवऱ्याचा भूतकाळ ठेवायचाय.

इतकं सरळ. पायात गमबूट, काखेत फाइल,
आणि तिच्यामागे क्रिकिएथचा समुद्र,
करड्या ब्लँकेटखाली नुसता कूस बदलणारा.

दिग्दर्शकाला घर आवडलं ते ओलीमुळे.
बैठकीच्या पश्चिमेच्या भिंतीवर जो डाग आहे,
ज्यावरून इद्वाल आणि मी एकोणतीस वर्षं भांडतोय
(तो म्हणतो छपराची पाटी सरकलीय, मी म्हणते पाया),
त्या डागासमोर तो बाबा चॅपलमध्ये उभं राहावं तसा उभा.
रंग देऊ नका, म्हणाला, आमचं संपेपर्यंत तरी.
कुठेतरी पाणी मुरतंय
हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे.

मग त्यांनी डबा आणला. पत्र्याचा, नवाकोरा,
तो अंगणात घासून घासून जुना केला.
आतला पासपोर्ट म्हातारा करायला
माझ्याच किटलीतला चहा घेतला, बिनदुधाचा.
दुसरं नाव, दुसरी बायको, एक जळकं घर:
सगळं दुपारी दोनपर्यंत वाळलं.

जिन्याखाली आमचं काय होतं?
इस्त्रीची मोडकी घोडी. लोरीचे स्केट्स.
इद्वाल खजिनदार होता तेव्हाच्या चॅपलच्या हिशेबवह्या.
त्यातल्या एकीत, कोळशाच्या खर्चाच्या पानाशी,
होलीहेडहून आयर्लंडला जाणाऱ्या बोटीची तिकिटं.
अकरा. जाऊन-येऊन. एकाच माणसाची.
ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल, सगळे मंगळवार.

माझा नवरा बोटीत बसत नाही.
लोरीच्या लग्नालाही आम्ही बोगद्यातून गेलो,
पोटात ढवळतं म्हणून.

मालिकेतली बाई डबा उघडते तेव्हा
गुडघ्यांवर कोसळते आणि व्हायोलिनं सुरू होतात.
मी वही उघडली तेव्हा फ्रिज घुरघुरत होता.
तिकिटांचं रबरबँड हातातच विरलं,
वाळलेल्या शेवयांसारखं.
त्र्याऐंशीत आम्ही पोर्थमडॉगला भाड्याने राहत होतो.
म्हणजे घर बदललं तेव्हा
त्याने ही वही सामानात घातली,
कुठल्या खोक्यात, कुणास ठाऊक,
बहुधा मीच चिकटपट्टी लावली असेल.

दहा परत ठेवली.
अकरावं का ठेवून घेतलं, सांगता येत नाही.
ते माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, काजांच्या बटणांखाली.

आता रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही आमचंच घर बघतो.
बेटीचा फोन येतो मध्येच: तुमचा जिना दिसला गं!
पडद्यावर आमच्या सोफ्यावर बसून
ती बाई नवऱ्याच्या पाठीकडे बघते,
कॅमेरा हळूहळू तिच्या डोळ्यांत शिरतो.
मला पटत नाही, इद्वाल म्हणतो, बिस्किट चहात बुडवत,
एवढी वर्षं एका छपराखाली,
आणि हिला काहीच कळलं नाही?
टीव्हीवाल्यांचं काय, मी म्हणते.
बिस्किट तुटतं. तो चमच्याने गाळ शोधत बसतो.

शूटिंगवाले गेले, वह्या परत जिन्याखाली गेल्या.
गेल्या मंगळवारी तो खतं आणायला गेल्यावर
मी पुन्हा बघितलं.
दहाच्या दहा जागेवर.
त्यांना नवं रबरबँड.
लाल, पोस्टमन दारात टाकून जातो तसलं.

शेवटच्या भागात ती विचारते.
पाऊस, कडा, गाडीचे दिवे, आणि ती ओरडून विचारते,
आणि तो सांगतो, सगळंच सांगतो, वीस मिनिटं.
इद्वालने आवाज थोडा कमी केला.
नावं वर सरकायला लागली
तेव्हा तो उठला, भिंतीपाशी गेला,
डागावर तळहात ठेवून उभा राहिला बराच वेळ,
ताप बघतात तसा.

वाढलीय, म्हणाला.

पाया, मी म्हणाले.

छप्पर, तो म्हणाला,
आणि दिवा मालवायच्या आधी
माझ्या शिवणाच्या डब्याकडे नाही,
माझ्याकडे बघितलं.