बाणाचं टोक

परकारचाचांना कर्सरचा बाण दिसेनासा झाला
सोहारच्या क्लिअरिंग ऑफिसात, एका मंगळवारी,
कंटेनरच्या यादीत, ओळ चारशे बाराच्या आसपास.
माऊस उचलून त्यांनी झटकला,
थर्मामीटर झटकतात तसा.
"इथंच होता रे आत्ता."

मी सेटिंगात गेलो. पट्टी शेवटपर्यंत सरकवली.
रंग विचारला.
म्हणाले, तांबडा कर,
दाभोळला आमच्या होडीची नाळ तांबडी होती.

मग तो थोरला बाण
यादीवरून फिरायचा, आकडे झाकत.
मी हसलो तर म्हणाले,
"केवढाही कर, टोचतं टोकच."

जूनमध्ये त्यांचा व्हिसा संपला.
ड्रॉवरमधला उरलेला खजूर वाटून गेले.
जागेवर शिनोज आला, पालक्काडचा, चोवीस वर्षांचा.
पहिल्याच दिवशी त्यानं बाण पूर्वीसारखा केला,
बारीक, पांढरा.
मी काही बोललो नाही.

काल रात्री त्याच मशीनवर बसलो.
पांढऱ्या रकान्यांत पांढरा बाण.
एसीची घरघर. काचेपलीकडे क्रेनचे दिवे.
आणि माझा हात माऊस झटकत होता,
केव्हापासून, कोण जाणे.